रकान्यांची अदलाबदल

माझ्या वडिलांना सगळे ‘मुद्देवाले सर’ म्हणायचे. आजही म्हणतात. त्यांना हे नाव आवडतं, म्हणून इथे सांगितलं. मागून पोरं आणखी काय काय म्हणायची ते त्यांच्या कानावर कधी गेलं नाही. गेलं असतं तरी त्यांनी शांतपणे पट्टी घेऊन मधोमध रेघ मारली असती आणि दोन रकाने केले असते.

शाळेत ते भाषा शिकवायचे आणि उरलेल्या वेळात गाइड लिहायचे. गाइडात प्रश्नही असतो आणि उत्तरही, पोरांनी फक्त पाठ करायचं. बाबांचं गाइड चाळीस शाळांत चालायचं. त्यातला त्यांचा हातखंडा भाग म्हणजे लेखनविभाग, आणि त्यातही ‘तुलना करा’ आणि ‘फरक स्पष्ट करा’. हे दोन प्रश्न दिसले की इतर मास्तर घाईघाईने पान उलटायचे. बाबा मात्र बाह्या सरसावायचे.

मी त्यांच्या वर्गात होते, तिसऱ्या बाकावर. ते विचारायचे, “केळं गोड असतं आणि लिंबू पिवळं असतं. झाला फरक?”

वर्ग एका सुरात म्हणायचा, “झाला, सर.”

“कप्पाळ झाला! केळंसुद्धा पिवळंच असतं ना रे? आधी मुद्दा धरा. चव धरलीत तर दोघांची चव सांगा. रंग धरलात तर दोघांचा रंग सांगा. मुद्दा एक, रकाने दोन. आणि फरक विचारला असेल तर फक्त वेगळेपण लिहायचं. तुलना विचारली असेल तर वेगळेपणही लिहायचं आणि सारखेपणही. सारखेपण शोधायला जास्त डोकं लागतं. म्हणून तुम्ही ते टाळता.”

खोटं कशाला बोलू? त्यांच्यासारखं शिकवणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. शिकवण्यात ते ढ असते तर मी त्यांना केव्हाच माफ केलं असतं. एवढं सगळं ज्याला कळत होतं, त्याने आमचं जे केलं ते केलं, म्हणून तर तळपायाची आग मस्तकात जाते.

घरात आम्ही दोघी बहिणी. ताई माझ्याहून वर्षाने मोठी, पण तिचं एक वर्ष आजारपणात गेलं आणि दोघी एकाच वर्गात आलो. मग काय, तुलनेला आयतं कुरण मिळालं. आणि घरातली तुलना म्हणजे कशी, तर मुद्द्याचा पत्ताच नाही. “ताई बघ किती समजूतदार आहे, आणि तुझी नखं बघ.” “ताईचं पाठांतर बघ, आणि तू किती मोठ्याने हसतेस.” दहा वर्षांची असताना मी एकदा पाहुण्यांसमोर म्हटलं, “बाबा, पण मुद्दा कोणता?” सगळे खो खो हसले, बाबाही हसले. पुढे कित्येक वर्षं हा विनोद ते लोकांना सांगायचे. फक्त सांगताना तो त्यांनी स्वतःच केलेला असायचा.

ताईचं पाठांतर जबर होतं, हे मात्र खरं. एकदा वाचलं की स्वल्पविरामासकट पाठ. मला शब्द आठवायचे नाहीत, अर्थ आठवायचा. कोण हुशार ते मी सांगत नाही. सांगितलं तर म्हणाल, हिनेही सुरू केलं.

माझी एक गोष्ट मात्र बाबांना मनापासून आवडायची, माझं अक्षर. त्यांचं स्वतःचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. प्रेसवाल्याने दोनदा हात जोडले होते. त्यामुळे मी बारा वर्षांची झाल्यापासून गाइडची पक्की प्रत माझ्याकडे आली. ते जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूला कच्चं लिहायचे, मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून रेघा आखून स्वच्छ उतरवायचे. पलीकडच्या खोलीत आई पडून असायची. तिला झटका आल्यापासून उजवी बाजू गेली होती आणि बोलणं जड झालं होतं. तिला पाणी हवं असलं की ती डाव्या हाताने पलंगाच्या कडेवर टकटक करायची. मी लेखणी खाली ठेवून जायचे, पाणी पाजायचे, तिची कूस बदलायचे आणि परत येऊन पुढची ओळ उतरवायचे.

आमचं बोर्डाचं वर्ष होतं तेव्हा गाइडची नवी आवृत्ती निघायची होती. तक्ता सतरावा होता ‘तुलना आणि फरक यांतील भेद सांगा’. वर दोन शीर्षकं, खाली सहा मुद्दे. उतरवता उतरवता माझा हात थांबला. बाबांनी डाव्या रकान्यावर ‘फरक’ लिहिलं होतं आणि खाली ‘साम्य व भेद दोन्ही दाखवले जातात’. उजव्यावर ‘तुलना’ आणि खाली ‘फक्त भेद दाखवला जातो’. घाईत शीर्षकं उलट पडली होती. खालचं सगळं बरोबर होतं, नुसती वरची दोन नावं इकडची तिकडे झाली होती.

बाबा आरशासमोर दाढी करत होते. मी कागद घेऊन गेले.

“बाबा, सतराव्या तक्त्यात शीर्षकं उलट झालीत.”

त्यांनी आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. गालावर फेस होता. “तू काय करायला बसली आहेस?”

“पक्की प्रत.”

“मग नक्कल कर. अक्कल मी चालवलेली आहे.”

मी निमूटपणे जाऊन होतं तसं उतरवलं. माझा गुन्हा असलाच तर एवढा आहे, आणि तो मी नाकारत नाही. मी दोन शब्द गुपचूप बदलले असते तर त्यांना कळलंही नसतं. पण मी सतरा वर्षांची होते आणि मला राग आला होता. म्हटलं, छापा आता उलट.

गाइड छापून आलं, चाळीस शाळांत गेलं. गंमत बघा, बाबा वर्गात फळ्यावर बरोबरच शिकवायचे. स्वतःचं छापील पुस्तक पुन्हा उघडून बघायची त्यांना सवयच नव्हती. शिकवून झालं की म्हणायचे, “बाकी गाइडात आहेच.” आणि पोरं फळा विसरून गाइड पाठ करायची. ताईसुद्धा. मी तिला सांगितलं, “अगं, हा तक्ता उलट आहे.” ती म्हणाली, “छापलंय ना? मग?”

परीक्षेच्या महिनाभर आधी बाबांनी आम्हा दोघींना आईच्या खोलीत बोलावलं. आईजवळ दिवसभर कोणीतरी हवंच होतं. पुढचं कॉलेज दुसऱ्या शहरात, तिथे राहायला गेल्याशिवाय शिकणं नाही. म्हणजे एकीने जायचं, एकीने आईजवळ थांबायचं. बाबा म्हणाले, “मला कोणावर अन्याय करायचा नाही. मुद्दा एकच, गुण. जिला जास्त गुण ती जाईल. मान्य?”

ताई म्हणाली मान्य. मी तर उडीच मारायची बाकी होते. सतरा वर्षांत पहिल्यांदा या घरात आम्हा दोघींना एकच मुद्दा लावला जात होता, आणि त्या मुद्द्यावर मी जिंकणार याची मला खात्री होती. मला शिकायचं होतं हो. नुसतं डिग्रीसाठी नाही, मला बाबांसारखं फळ्यासमोर उभं राहायचं होतं. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. बाबांना तर नाहीच.

भाषेच्या पेपरात तो प्रश्न आला, पाच गुणांचा. मी फळ्यावरचं लिहिलं. ताईने गाइडातलं लिहिलं.

निकाल लागला. ताईला माझ्याहून तीन गुण जास्त होते.

मी उत्तरपत्रिका बघायला मागितली. बोर्डाच्या ऑफिसात खिडकीपाशी उभं राहून बघायची, हात लावायचा नाही, कारकून पानं उलटणार. त्या उत्तरावर तिरकी लाल रेघ होती, पाचपैकी शून्य, आणि समासात तपासनिसाने लिहिलं होतं, ‘शीर्षके उलट!’ उद्गारचिन्हासकट. तपासनीसही बिचारा गाइडच समोर ठेवून बसला असणार. मी तिथे हसले. कारकून म्हणाला, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही, माझ्या बाबांचं पुस्तक फार चालतं.”

फेरतपासणीचा अर्ज पंधरा दिवसांत करायचा असायचा. अर्जासोबत विषयशिक्षकाने लिहून द्यायचं, की उत्तर बरोबर आहे. खाली सही. माझे विषयशिक्षक म्हणजे बाबाच.

मी अर्ज त्यांच्यासमोर ठेवला. माझं उत्तर मी जसंच्या तसं कागदावर लिहून नेलं होतं. त्यांनी चष्मा पुसून वाचलं आणि लगेच म्हणाले, “बरोबर आहे की. शून्य का दिलं गाढवाने?”

मी गाइड उघडून सतरावा तक्ता पुढे केला. त्यांनी तो वाचला. मग पहिल्यापासून पुन्हा वाचला. मग पुस्तक मिटलं आणि त्यावर हात ठेवून बसले.

“प्रत तुझ्या अक्षरात गेली होती,” ते म्हणाले.

“हो. आणि मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही दाढी करत होता.”

“मला आठवत नाही.”

“मला आठवतंय.”

“हे बघ, मी सही केली तर गाइड चूक ठरतं. चाळीस शाळांतली मुलं चूक ठरतात. त्यांना शिकवणारे मास्तर चूक ठरतात.”

“चूकच आहेत ना, बाबा?”

“त्यांना गुण मिळालेत,” बाबा म्हणाले.

पलीकडच्या खोलीतून टकटक झाली. मी गेले तर आईला पाणी नको होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, दाराकडे बघत होती. तोंड अर्धंच हलत होतं, एकेक शब्द बाहेर यायला वेळ लागत होता. “अहो,” ती म्हणाली. मग श्वास घेतला. “सही… करा.” बाबा जागेवरूनच म्हणाले, “तू पड गं, तुला काय कळतंय त्यातलं.” आईने डोळे मिटले. तिला सगळं कळत होतं, तिचं फक्त अंग गेलं होतं.

पंधरा दिवस मी रोज विचारलं. “बघू,” “आज नको,” “डोकं दुखतंय.” अर्ज टेबलावर होता तिथेच. ते जेवायला बसले की तो हळूच बाजूला सरकवायचे, जेवण झालं की परत जागेवर ठेवायचे, इतकी काळजी. सोळाव्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःहून हाक मारली. “मुदत संपली गं,” म्हणाले. आवाजात असा काही हलकेपणा होता, की मला त्या क्षणी त्यांची किळस आली. स्वतःच्या बापाची किळस येणं काय असतं ते ज्याला आलीय त्यालाच माहीत.

ताई गेली. जाताना गळ्यात पडून म्हणाली, “मी नाही जात, तूच जा.” म्हणाली खरी. पण बॅगेला कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकून झाल्यावर म्हणाली. तिच्यावर माझा राग नाही. बरं, आहे. पण थोडा.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण घडलंच थोडं. आई नऊ वर्षं होती. एकदोन स्थळं आली, आईला बघून परत गेली. आई गेल्यावर मी बाबांच्याच प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायला लागले, अजूनही तेच करते. दिवसभर दुसऱ्यांच्या वेलांट्या ऱ्हस्वाच्या दीर्घ करायच्या. टेबल खिडकीजवळ आहे, खुर्चीचा एक पाय आखूड आहे. हाताखालून शेकडो पुस्तकं गेली. बाबांच्या गाइडच्या आवृत्त्याही गेल्या, दर दोन वर्षांनी एक. धडे बदलायचे, कविता बदलायच्या, लेखनविभाग तोच राहायचा. मी सतरावा तक्ता दुरुस्त करून मालकांकडे दोनदा नेला. मालक म्हणाले, “लेखकाच्या सहीशिवाय माझ्याकडे स्वल्पविरामही हलत नाही.” लेखक घरी. मी पान पुढे केलं की लेखकाचं डोकं दुखायचं.

बाबा निवृत्त झाले तेव्हा शाळेने सत्कार केला. हेडमास्तर बोलले, “सरांच्या हातून तीस वर्षांत एक चूक छापली गेली नाही.” टाळ्या. मी मागे खुर्च्या सरकवत होते. बाबांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि मग भाषणभर समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत बसले.

या वर्षी ताईची मुलगी बोर्डाला बसली आहे. परवा तिचा फोन आला.

“मावशी, आजोबांच्या गाइडात चूक आहे. सतरावा तक्ता. वरची नावं उलट छापलीत.”

माझ्या हातातली पेन्सिलच थांबली. अठ्ठावीस वर्षांत माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. “तुला कसं कळलं?”

“कळलं म्हणजे काय? वाचल्यावर कळतंच ना. आईला दाखवलं तर आई म्हणाली, छापलंय ना, मग बरोबरच असणार. वर्गात बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, शहाणपणा करू नकोस. मी परीक्षेत काय लिहू? या पाच गुणांवर माझं कॉलेज अडेल गं.”

“थांब,” मी म्हटलं, “उद्या सांगते.” नवी आवृत्ती छपाईला जायला आठवडा होता. आता गाइड दुरुस्त झालं, सोबत शुद्धिपत्र शाळांत गेलं, तर तपासनिसांपर्यंत पोचेल. पोरगी बरोबर लिहील आणि तिला गुण मिळतील. मालकांना विचारलं. ते म्हणाले, “शुद्धिपत्र छापू. पण कारण हवं, नाहीतर शाळा आमच्यावर येतील. प्रेसची चूक म्हणून मी छापणार नाही, ती नव्हतीच. खाली सरांची सही आणा.”

संध्याकाळी मी बाबांसमोर बसले. ते आता शहात्तर वर्षांचे आहेत, हात कापतात, ऐकू मात्र स्वच्छ येतं. मी नातीचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, “पोरगी हुशार आहे. लिहून घे, करतो सही.”

खरं सांगते, मला रडू आलं. अठ्ठावीस वर्षं ज्या सहीसाठी मी थांबले होते, ती माझ्यासाठी नसली तरी येत होती. मी कागद घेतला. बाबा डोळे मिटून सांगू लागले, वर्गात सांगायचे तसेच, एकेक शब्द तोलून. “तक्ता क्रमांक सतरा. ‘तुलना’ आणि ‘फरक’ ही शीर्षके मागील आवृत्त्यांमध्ये नक्कलकाराच्या नजरचुकीने—”

माझा हात थांबला. “कोणाच्या?”

“नक्कलकाराच्या.”

“लेखकाच्या, बाबा.”

“प्रत तुझ्या अक्षरात होती. मी सांगतो तसं लिही.”

“मी विचारलं होतं तुम्हाला.”

“मला आठवत नाही,” ते म्हणाले. अगदी तसंच, त्याच आवाजात.

लिहायचा होता एक शब्द. नक्कलकार. त्यात माझं नावही येणार नव्हतं. कोणाला पत्ता लागणार होता नक्कलकार कोण ते? तो एक शब्द लिहिला असता, खाली बाबांची वाकडीतिकडी सही झाली असती, आणि हजारो पोरांच्या हातात बरोबर तक्ता पडला असता. पोरीचे पाच गुण वाचले असते. मला हे सगळं कळत होतं. आणि तरी मी लेखणी खाली ठेवली.

“तुम्हीच लिहा,” मी म्हटलं.

त्यांनी कापऱ्या हातांकडे पाहिलं. दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसलो होतो, मधे तो कागद. चूक आपल्या नावावर घ्यायची नाही, मग पोरीचं काय व्हायचं ते होवो. आयुष्यभर मी या माणसाहून वेगळी आहे असं स्वतःला सांगत आले, आणि त्या टेबलावर मला आमच्यात एकही फरक सापडेना.

मालकांना मी काही दिलं नाही. आवृत्ती आता होती तशीच छपाईला जाणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. “मावशी, सांग ना. काय लिहू?”

“गाइडात आहे तसं लिही,” मी म्हटलं.

“पण मावशी, ते चूक आहे ना?”

“हो गं बाळा. चूकच आहे. पाचपैकी पाच मिळतील.”